ग्लॉक १७ की बेरेटा ९२एफएस: अंगावर आणि घरात एकच पिस्तूल ठेवायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा. टेक्सासमध्ये राहणारं मराठी जोडपं, दोघांकडे ग्रीन कार्ड, घरात सात वर्षांचा मुलगा. पूर्ण आकाराचं एकच ९ मिमी पिस्तूल घ्यायचं आहे. दिवसा नवरा ते अंगावर बाळगणार, रात्री तेच घरात राहणार आणि गरज पडली तर बायकोलाही चालवता यायला हवं. दुकानात बघून झाल्यावर दोन उरली आहेत: पाचव्या पिढीचं ग्लॉक १७ आणि बेरेटा ९२एफएस. नवऱ्याला बेरेटा हातात भारदस्त वाटलं, बायकोचं बोट त्याच्या ट्रिगरपर्यंत नीट पोचत नाही. कोणतं घ्यावं?

तुमच्या परिस्थितीत ग्लॉक. पण सहसा सांगतात त्या कारणासाठी नाही. ‘ग्लॉक कधी अडत नाही’ हे खरं असलं तरी बेरेटाही अडत नाही. ग्लॉक १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारलं. बेरेटा १९८५ मध्ये एम९ या नावाने अमेरिकेच्या सैन्यात आलं आणि २०१७ मध्ये त्याच्या जागी सिग कंपनीचं पिस्तूल निवडलं जाईपर्यंत तेच तिथलं मुख्य पिस्तूल होतं. इराकमध्ये एम९ अडल्याच्या ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यातल्या बऱ्याचशा मॅगझिनच्या, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीच्या होत्या. कंत्राटात घेतलेल्या मॅगझिनना आतून खरखरीत फॉस्फेटचा थर होता, त्यात बारीक वाळू बसायची आणि गोळ्या वर सरकायच्या नाहीत. चांगलं मॅगझिन आणि थोडं तेल असेल तर विश्वासार्हतेत दोघांत निवडण्यासारखं काही नाही.

फरक आहे तो पहिल्या गोळीत.

ग्लॉकचा ट्रिगर पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत सारखाच असतो: साधारण साडेपाच पौंडांची, म्हणजे अडीच किलोची ओढ आणि सुमारे साडेबारा मिलिमीटर प्रवास. बेरेटा डबल अ‍ॅक्शन-सिंगल अ‍ॅक्शन पद्धतीचं. चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला, जिथून गोळी सुटते) गोळी आणि हॅमर (ठोका मारणारी मागची हातोडी) खाली, अशा अवस्थेत ते बाळगतात. पहिल्या गोळीला ट्रिगरच हॅमर मागे खेचतो, म्हणून ओढ लांब आणि जड, १२ पौंडांच्या आसपास. ती गोळी सुटताना स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) मागे येऊन हॅमर उभा करते आणि दुसऱ्या गोळीपासून ओढ पाच पौंडांच्या घरात, आखूड. म्हणजे एकाच पिस्तुलात दोन ट्रिगर, आणि त्यातला अवघड ट्रिगर नेमका पहिल्या गोळीला. स्वसंरक्षणात दुसरी गोळी लागेलच असं नाही, पहिली मात्र घाबरलेल्या, घामेजलेल्या हाताने झाडायची असते. सराव नसलेल्याची पहिली गोळी खाली आणि (उजव्या हाताने चालवणाऱ्याची) डावीकडे जाते, कारण बोटाबरोबर सगळी मूठच आवळली जाते. दुसरी अपेक्षेआधीच सुटते.

हे शिकता येत नाही असं नाही. पिस्तूल छातीपासून पुढे नेता नेताच ट्रिगरवर दाब सुरू करायचा, हात सरळ होईतो ओढ संपत आलेली असते. ज्याने हे अंगी भिनवलं त्याला बेरेटाची पहिली गोळी अजिबात जड जात नाही. फॅक्टरीतली २० पौंडांची हॅमर स्प्रिंग काढून १६ पौंडांची ‘डी’ स्प्रिंग टाकली की ओढ आठ-नऊ पौंडांवर येते. भाग स्वस्त, काम दहा मिनिटांचं. पण आठवड्यातून दोन-तीनदा पंधरा मिनिटं कोरडा (रिकाम्या पिस्तुलाचा) सराव तुम्ही दोघंही वर्षभर करणार आहात का, हे स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवा. नवरा करेल आणि बायको करणार नाही, असं असेल तर बेरेटा घरातल्या एकाच माणसाचं झालं.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ग्लॉकचा धोका तिथेच आहे. पिस्तूल होल्स्टरमध्ये (कमरेच्या म्यानात) परत ठेवताना शर्टाचं टोक किंवा जाकिटाची नाडी ट्रिगर गार्डमध्ये (ट्रिगरभोवतीच्या कड्यात) अडकली आणि तुम्ही जोर लावून पिस्तूल खाली दाबलंत, तर ग्लॉक गोळी झाडेल. त्याच्या आतल्या तीन सुरक्षा ‘ट्रिगर दाबला गेला नाही तर गोळी सुटणार नाही’ इतकीच हमी देतात. ट्रिगर बोटाने दाबला की नाडीने, हे त्यांना कळत नाही. बेरेटावर तोच प्रसंग आला तर १२ पौंडांची ओढ आहेच, शिवाय होल्स्टरमध्ये ठेवताना अंगठा हॅमरवर ठेवण्याची सवय लावता येते. हॅमर हलायला लागला की अंगठ्याला कळतं. अर्थात ही सुरक्षा डीकॉक करायला, म्हणजे उभा हॅमर गोळी न झाडता खाली आणायला, विसरला नाहीत तरच. झाडून झाल्यावर हॅमर उभाच ठेवून बेरेटा कमरेला खोचलं तर तेच पाच पौंडांचं, आखूड ओढीचं पिस्तूल कमरेला आहे.

म्हणून ग्लॉक घेतलं तर होल्स्टरवर काटकसर करू नका. ट्रिगर गार्ड पूर्ण झाकणारं, पिस्तूल काढल्यावरही तोंड उघडं राहणारं कायडेक्सचं (कडक प्लास्टिकचं) होल्स्टर घ्या. मऊ कापडी किंवा जुनं, पिचलेलं चामडी नको, त्याची कड आत वळून ट्रिगरला लागते. पिस्तूल परत ठेवताना आधी मोकळ्या हाताने शर्ट छातीपर्यंत वर धरा, होल्स्टरच्या तोंडात बघा, मग सावकाश सोडा. अडल्यासारखं वाटलं तर दाबायचं नाही, बाहेर काढून बघायचं. वेगाने पिस्तूल बाहेर काढण्याला अर्थ आहे, वेगाने परत ठेवण्याला काहीच नाही.

आता हाताच्या मापाचं. ग्लॉक पाचव्या पिढीत मुठीवरचे बोटांचे खळगे काढून टाकले आहेत. मागची पट्टी न लावता जी मूठ मिळते तीच सगळ्यात लहान, वर पट्ट्या लावून ती मोठी करता येते. ९२एफएसची मूठ गोल आणि जाड आहे, आणि हॅमर खाली असताना ट्रिगर बराच पुढे असतो. दुकानात हे असं तपासा: पिस्तूल रिकामं असल्याची खात्री दुकानदाराने आणि तुम्ही, दोघांनीही डोळ्यांनी आणि बोटाने करा. मूठ अशी धरा की नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत येईल. आता तर्जनीचं पेर, निदान पहिल्या टोकाचा मधला भाग, ट्रिगरवर टेकला पाहिजे. बेरेटाची ही परीक्षा हॅमर खाली असतानाच करायची, उभा असताना सगळ्यांचंच बोट पोचतं. पोचण्यासाठी मूठ अंगठ्याच्या बाजूला फिरवावी लागली तर धक्का तळहाताच्या मांसल भागाऐवजी अंगठ्याच्या सांध्यावर येतो आणि दर गोळीला पकड सरकते. तुमच्या पत्नीचं नेमकं हेच होत असणार. बेरेटाच हवं असेल तर ९२एक्स बघा, त्याची मूठ मागून सरळ आणि पातळ आहे.

स्लाइड ओढण्याच्या बाबतीत मात्र बेरेटा सरस. ग्लॉकची स्प्रिंग ताठ आहे, मनगटात जोर कमी असेल तर दमवते. बेरेटाचा हॅमर आधी अंगठ्याने उभा केला की स्लाइड जवळजवळ अर्ध्या ताकदीत मागे येते. ही युक्ती दुकानात कोणी सांगत नाही. ग्लॉकला अशी सोय नाही. तिथे ओढण्यापेक्षा ढकलायचं: डाव्या हाताने वरून स्लाइड पक्की धरून स्थिर ठेवायची आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकलायची. तंत्र बदललं की ‘माझ्याच्याने होत नाही’ म्हणणाऱ्या बहुतेकांच्याने होतं. ढिल्या मनगटाचा त्रासही हलक्या ग्लॉकला जास्त: पिस्तूल हाताबरोबर मागे गेलं तर स्लाइडला पूर्ण मागे यायला आधार मिळत नाही आणि रिकामं टरफल उभं अडकतं. बेरेटाची स्लाइड वरून उघडी आहे, टरफल अडकायला जागाच कमी.

पण त्याच स्लाइडवर बेरेटाची सगळ्यात वाईट गोष्ट बसली आहे: सेफ्टी. ९२एफएसचा सेफ्टी-डीकॉकरचा खटका स्लाइडवर, दोन्ही बाजूंना. खाली केला की हॅमर पडतो आणि पिस्तूल सेफ राहतं. गोळी अडल्यावर घाईत वरून मुठीत धरून स्लाइड ओढली की हाताच्या कडेने हा खटका खाली जातो. मग नेम आहे, ट्रिगर ओढताय आणि काहीच होत नाही. उपाय दोन. दर वेळी स्लाइड ओढल्यावर अंगठ्याने खटका वर ढकलण्याची सवय, किंवा ‘जी’ पद्धतीचा बदल, ज्यात खटका फक्त डीकॉक करतो आणि सोडला की आपोआप वर येतो. बदलाचा संच बेरेटाच विकतं. स्वसंरक्षणासाठी ९२एफएस घेणाऱ्याने हा बदल करून घ्यावा, हे मी पर्याय म्हणून सांगत नाही.

अंगावर बाळगण्याचे आकडे बघू. ग्लॉक १७ ची लांबी २०२ मिमी, जाडी ३४ मिमी, १७ गोळ्या भरून वजन सुमारे ९१५ ग्रॅम. बेरेटा २१७ मिमी, ३८ मिमी, रिकामं ९४५ ग्रॅम आणि १५ गोळ्या भरल्यावर ११०० ग्रॅमच्या वर. उंची दोघांची जवळपास सारखीच, १३९ आणि १३७ मिमी. शर्टाखाली दिसते ती मूठ, नळी नाही, त्यामुळे लपवण्यात दोघं सारखीच अवघड. म्हणून ‘नळी आखूड घ्या’ हा सल्ला इथे फारसा उपयोगाचा नाही. उपयोग होतो तो कमरेच्या ताठ, दीड इंची पट्ट्याचा आणि पिस्तुलाची मूठ पोटाकडे वळवणाऱ्या, होल्स्टरला जोडलेल्या छोट्या पंखाचा. वजनाचा फरक पहिल्या दिवशी कळत नाही. आठ तास खुर्चीत बसून काम करणाऱ्याला तिसऱ्या आठवड्यात कळतो, आणि मग पिस्तूल गाडीच्या कप्प्यात राहायला लागतं. तिथून ते चोरीला जातं.

घरातल्या वापरासाठी सर्वांत मोठा प्रश्न अंधाराचा. कोणावर पिस्तूल रोखलंय हे दिसल्याशिवाय गोळी झाडायची नसते, आणि रात्री दोन वाजता जिन्यावरची आकृती चोराची आहे की पाणी प्यायला उठलेल्या मुलाची, हे उजेडाशिवाय कळत नाही. ग्लॉकच्या नळीखाली रेल (दिवा अडकवायची खाच) आहे, तिथे स्ट्रीमलाइट टीएलआर-१ एचएलसारखा हजार लुमेनचा दिवा सरळ बसतो. ९२एफएसला रेलच नाही. बेरेटाच्या ९२ए१, ९२एक्स या आवृत्त्यांना ती आहे. दिवा पिस्तुलावर असला तरी वेगळा हातातला टॉर्चही उशाशी हवाच. पिस्तुलावरच्या दिव्याने घर धुंडाळायचं म्हणजे ज्या ज्या खोलीत बघाल तिकडे नळी रोखणं. जमिनीवर किंवा छतावर मारलेला हजार लुमेनचा उजेडही खोली दिसायला पुरतो.

नेमाच्या बाबतीतही ९२एफएस मागे पडतं. त्याचा पुढचा साइट (नेम धरायचा खुंट) स्लाइडमध्येच कोरलेला आहे, बदलता येत नाही. रात्री चमकणारे साइट हवे असतील तर कारागिराकडे जाणं आलं. ग्लॉकचे मूळ साइट प्लास्टिकचे, म्हणजे पहिल्याच महिन्यात बदलण्यासारखेच, पण बदलायला पुढचा एक स्क्रू आणि मागचा सरकवायला एक साधन पुरतं. रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम दाखवणारं छोटं भिंग) लावायचा विचार असेल तर एमओएस आवृत्तीच घ्या, तिच्या स्लाइडवर त्याची जागा आधीच कापलेली असते.

तुमच्या घराच्या भिंतींचा विचार करा. त्या पुण्या-नाशिकच्या विटांच्या नाहीत. लाकडी चौकटीवर दोन्ही बाजूंनी अर्ध्या इंचाचे जिप्समचे पत्रे. ९ मिमीची गोळी, अगदी फुलणारी पोकळ टोकाचीसुद्धा, अशा दोन-तीन भिंती सहज पार करते. पोकळीत जिप्समचा चुरा भरला तर ती फुलतही नाही. म्हणून घरात फिरून बघा: तुमच्या बेडरूमच्या दारातून जिन्याकडे पिस्तूल रोखलं तर त्या रेषेत मागे मुलाचा पलंग येतो का? येत असेल तर उभं राहण्याची जागा बदला, दुसरं पिस्तूल घेऊन तो प्रश्न सुटत नाही. गोळी दोन्ही पिस्तुलांत तीच चालते. सरावाला ११५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) साधी गोलटोकी, बाळगायला १२४ किंवा १४७ ग्रेनची फेडरल एचएसटी किंवा स्पीअर गोल्ड डॉट. गोळी जिलेटिनमध्ये १२ ते १८ इंच खोल जावी, हा एफबीआयच्या चाचणीचा निकष लक्षात घेऊनच अशा गोळ्या घडवल्या जातात. घेतलेल्या गोळीचे किमान ५० राउंड तुमच्याच पिस्तुलातून, तुमच्याच मॅगझिनमधून झाडून बघा. त्याआधी सरावाच्या दोनशे.

एक बारीक गोष्ट, जी बहुतेकांना उशिरा कळते. रोज रात्री चेंबर रिकामं करून सकाळी तीच गोळी परत भरली, तर दर वेळी ती रॅम्पवर (चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावर) आपटून काडतुसात थोडी आत सरकते. बाहेरून फरक मिलिमीटरभराचा, पण आतली जागा कमी झाल्याने झाडताना दाब बराच वाढतो. ती गोळी नव्या गोळीच्या शेजारी उभी करून बघा. आखूड दिसली तर सरावातसुद्धा वापरू नका. त्याहून बरं म्हणजे पिस्तूल भरलेलंच, होल्स्टरसकट, रात्री पेटीत ठेवणं.

पेटी म्हणजे पलंगाला किंवा जमिनीला स्क्रूने बसवलेली, बटणांच्या यांत्रिक कुलपाची. बोटाच्या ठशाची स्वस्तातली पेटी ओल्या बोटाला उघडत नाही आणि तिची बॅटरी नको तेव्हा संपते. सात वर्षांच्या मुलाला कपाटाचा वरचा खण माहीत असतो. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं शस्त्र लागेल असं ठेवणं हा गुन्हा आहे. आणखी एक बाब आपल्या लोकांच्या लक्षात येत नाही. आई-वडील बी-२ (पर्यटक) व्हिसावर सहा महिने राहायला आले, तर संघीय कायद्याने त्यांना पिस्तूल किंवा गोळ्या ताब्यात बाळगता येत नाहीत. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-४ (त्यांचे कुटुंबीय) वाल्यांनाही तेच लागू. राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर सूट मिळते, पण त्याशिवाय रेंजवर ‘जरा हातात धरून बघा’ म्हणणंही नको. पेटीचा आकडा तुम्हा दोघांपुरताच ठेवा.

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं, तरी परवाना काढा. शाळेच्या हजार फुटांच्या आतल्या संघीय बंदीतून सूट राज्याचा परवाना असलेल्यालाच मिळते, आणि मुलाला शाळेत सोडायला तुम्ही रोज त्याच रस्त्याने जाणार. नोकरी बदलून न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात गेलात तर १७ आणि १५ गोळ्यांची दोन्ही मॅगझिन तिथे चालणार नाहीत, मर्यादा १० ची आहे. न्यू जर्सीत पोकळ टोकाची गोळी घरात चालते, अंगावर बाळगताना नाही. भारतात तर ९ मिमी नागरिकांसाठी निषिद्ध बोअर आहे, तेव्हा कायमचं परतायचं ठरलं तर पिस्तूल इथेच विकायचं.

देखभालीत दोन्ही सोपी, पण चूक वेगवेगळ्या जागी होते. ग्लॉक उघडण्याआधी ट्रिगर दाबावाच लागतो. मॅगझिन काढलं, चेंबर बघितलं नाही, ट्रिगर दाबला, असं करून लोकांनी टीव्ही आणि तळहात फोडले आहेत. क्रम कधीही बदलायचा नाही: मॅगझिन बाहेर, स्लाइड तीनदा मागे, चेंबरमध्ये डोळा आणि करंगळी, मग सुरक्षित दिशेला नळी करून ट्रिगर. तेल फक्त थेंबाथेंबाने: चारही रुळांवर, नळीच्या बाहेर आणि मागे उजवीकडे ट्रिगर बार जिथे कनेक्टरला घासतो तिथे. स्ट्रायकरच्या (ग्लॉकमध्ये हॅमरऐवजी ठोका मारणाऱ्या सुईच्या) भोकात तेल गेलं तर त्यात मळी साचून काडतुसाच्या बुडाच्या टिकलीवर ठोका हलका बसतो.

बेरेटा उघडायला ट्रिगर लागत नाही: उजवीकडचं बटण दाबायचं, डावीकडची कळ फिरवायची, स्लाइड पुढे निघते. त्याला तेल जास्त लागतं, विशेषतः नळीखालच्या लॉकिंग ब्लॉकच्या दोन कानांना. हे कान कालांतराने तडकतात, म्हणून दर सफाईत बोट फिरवून बघायचे. ट्रिगरची परतीची स्प्रिंगही तुटते. तुटली की ट्रिगर पुढे येत नाही, म्हणून एक जादा स्प्रिंग घरात असू द्या. उजवी मुठीची पट्टी उगाच काढू नका: तिच्याखाली ट्रिगर बारची बारीक स्प्रिंग फक्त पट्टीच्या आधाराने बसलेली असते, ती उडाली की गालिच्यात सापडत नाही. रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड परत पुढे ढकलणारी) दोघांचीही साधारण पाच हजार गोळ्यांनी बदला.

पैशांचा हिशेब करताना पिस्तुलाच्या किमतीइतकीच रक्कम बाजूला ठेवा: होल्स्टर, पट्टा, दिवा, पेटी, निदान चार मॅगझिन, हजार गोळ्या आणि एका दिवसाचा वर्ग. बेरेटा आधीच महाग, त्यात ‘जी’ संच आणि ‘डी’ स्प्रिंग धरा.

घेण्याआधी मात्र भाड्याने पिस्तूल देणाऱ्या रेंजवर दोघंही जा. पाच मीटरवर तीन बाय पाच इंचाचं कार्ड लावा. ग्लॉकच्या दहा गोळ्या एकेक करून: पिस्तूल छातीशी, पुढे नेऊन एकच गोळी, परत छातीशी. मग बेरेटाच्या दहा, पण प्रत्येक गोळीनंतर डीकॉक करून, म्हणजे दहाही जड ओढीच्या. सलग झाडून बघू नका, सलग झाडताना बेरेटा सगळ्यांनाच आवडतं. कार्डातली भोकं मोजा, दोघांची वेगवेगळी. पत्नीचं बेरेटाचं कार्ड तिच्या ग्लॉकच्या कार्डाइतकंच भरलं, तर माझं वरचं उत्तर सोडून द्या आणि रेल असलेलं ९२एक्स घ्या.